फुटलेल्या इंजिनांची पाठशाळा : ऑस्टिन सेव्हन आणि ब्रिटनचे हौशी शर्यतवीर

१/
लोटस आणि मॅक्लारेन ही फॉर्म्युला वनच्या इतिहासातील दोन मोठी नावे. पहिल्याचा उगम उत्तर लंडनमधील एका घरामागच्या छोट्या गॅरेजात झाला, दुसऱ्याचा न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एका मोटारदुरुस्तीच्या दुकानात. दोन्ही ठिकाणी समोर उभी होती ती एकाच जातीची जुनी, स्वस्त, वापरून झिजलेली गाडी : ऑस्टिन सेव्हन. हा निव्वळ योगायोग नव्हता. या गाडीचे इंजिन शर्यतीत वारंवार मोडत असे आणि ते घरच्या घरी पुन्हा उभे करता येत असे. या दोन गोष्टींतून मोटार अभियंत्यांची एक पिढी कशी घडली, त्याचा हा मागोवा.

२/
पहिल्या महायुद्धानंतर हर्बर्ट ऑस्टिन यांची कंपनी आर्थिक संकटात सापडली होती. सामान्य कुटुंबाला परवडेल अशी छोटी मोटार काढावी हा त्यांचा विचार संचालक मंडळाला पटला नाही. तेव्हा ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या आरेखकाला स्वतःच्या घरी बसवून गाडीचे आराखडे तयार करून घेतले. १९२२ मध्ये ‘ऑस्टिन सेव्हन’ लोकांसमोर आली. १९३९ पर्यंत सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्या. लोक तिला कौतुकाने ‘बेबी ऑस्टिन’ म्हणत.

३/
तिचे इंजिन चार सिलिंडरचे होते आणि एकूण क्षमता ७४७ घनसेंटिमीटर, म्हणजे आजच्या अनेक मोटारसायकलींपेक्षाही कमी. मूळची शक्ती जेमतेम साडेदहा अश्वशक्ती. रचना मात्र अत्यंत सुटसुटीत होती. खाली अॅल्युमिनियमचे क्रँककेस, त्यावर बोल्टांनी बसवलेला बिडाचा सिलिंडर ब्लॉक आणि सर्वांत वर सुटे होणारे हेड. साध्या पान्यांनी सगळे उघडता येई. एकट्या माणसाने स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडून समजून घ्यावे, एवढेच ते यंत्र होते.

४/
याच साधेपणात त्याचे दौर्बल्यही दडलेले होते. पिस्टनची वरखाली होणारी गती गोल फिरण्यात बदलते ती क्रँकशाफ्टमुळे. ऑस्टिनच्या बहुतेक इंजिनांत हा शाफ्ट केवळ दोन टोकांच्या बेअरिंगांवर पेललेला असे. मधे आधार नाही. १९३६ पासून तिसरे बेअरिंग आले, पण तोवर लाखो इंजिने रस्त्यावर धावत होती. दोन्ही टोकांना धरलेली वेताची काठी मधोमध लवते, तसा हा शाफ्ट वेग वाढताच लवे. असे लाखो वेळा लवून धातू थकतो, कोपऱ्यात केसाएवढी चीर पडते आणि एके दिवशी शाफ्ट दुभंगतो.

५/
दुसरी अडचण तेलाची होती. आधुनिक इंजिनात दाबाखालचे तेल थेट प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचवले जाते. सेव्हनच्या साध्या इंजिनात मात्र बारीक तोट्यांतून तेलाची चिळकांडी फिरत्या क्रँकशाफ्टवर उडे, आणि फिरण्याच्या जोरानेच ते पुढे कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांत शिरे. ‘थुंका आणि आशा ठेवा’ असे या व्यवस्थेचे थट्टेखोर नाव इंग्लंडमध्ये रूढ होते. तोटीत कचऱ्याचा एक कण अडकला, तरी बेअरिंग कोरडे पडे.

६/
साडेदहा अश्वशक्ती मिळे ती मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर. शर्यतवीर हेच इंजिन ५,०००च्या पुढे नेत. फेऱ्या दुप्पट झाल्या, की पिस्टनच्या हालचालीमुळे रॉडवर आणि शाफ्टवर येणारा जोर दुपटीने नव्हे, चौपटीने वाढतो. परिणाम ठरलेला असे. आधी ‘ठक् ठक्’ असा आवाज, मग वितळलेले बेअरिंग, आणि चालकाने वेळीच पाय काढला नाही, तर तुटलेला रॉड क्रँककेसची भिंत फोडून बाहेर.

७/
मग ही माणसे नवी गाडी का घेत नव्हती? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये नवी मोटार प्रामुख्याने निर्यातीसाठी बनत होती. देशाला डॉलर हवे होते. पेट्रोलचे रेशनिंग मे १९५० पर्यंत चालले. युद्धापूर्वीची ब्रूकलँड्सची प्रसिद्ध धावपट्टी १९४६ मध्ये विमान कारखान्याकडे गेली. पण युद्धाने काही देऊनही ठेवले होते. ओस पडलेले विमानतळ होते. गुडवुड आणि सिल्व्हरस्टोन येथे १९४८ मध्ये शर्यती सुरू झाल्या. शिवाय विमानदलात आणि कारखान्यांत यंत्रे हाताळायला शिकलेले हजारो तरुण घरी परतले होते.

८/
त्यांना एकत्र आणणारी संस्था आधीपासूनच अस्तित्वात होती. ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक बिल बॉडी यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये ‘७५० मोटर क्लब’ स्थापन झाला. युद्धोत्तर काळातील त्याचे आधारस्तंभ हॉलंड बर्केट हे व्यवसायाने पशुवैद्य होते. क्लबने ‘७५० फॉर्म्युला’ नावाचा शर्यतवर्ग सुरू केला. त्याची मुख्य अट एकच : गाडी ऑस्टिन सेव्हनच्या भागांवर आधारलेली हवी. भंगारातील गाडी घ्या, तिचे कवच उतरवा, हलके कवच चढवा आणि शर्यतीत उतरा.

९/
इंजिन फुटले, की खरा अभ्यास सुरू होई. प्रथम सगळे भाग सुटे करून रॉकेलने धुवायचे. मग क्रँकशाफ्ट टांगून त्यावर हलकी हातोडी मारायची : घंटेसारखा खणखणीत नाद आला तर आशा, बद्द आवाज आला तर चीर. संशय उरल्यास शाफ्ट रॉकेलात बुडवायचा, कोरडा पुसायचा आणि त्यावर खडूची भुकटी फासायची. चिरेत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपे आणि पांढऱ्या खडूवर एक बारीक काळसर रेघ उमटे. ती रेघ दिसली, की तो शाफ्ट संपला.

१०/
पुढची पायरी बेअरिंगची. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात ‘व्हाइट मेटल’ हा मऊ मिश्रधातू असे. तो मुख्यतः कथिलाचा, त्यात अँटिमनी आणि तांबे. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. तेल तुटले तर त्याने वितळावे आणि महागडा शाफ्ट वाचावा, हा हेतू. वितळलेला धातू काढून नवा ओतायचा. मग शाफ्टला निळा रंग लावून रॉड त्यावर फिरवायचा आणि जिथे निळा डाग उमटेल तेवढाच उंचवटा खरवडायचा. डाग सर्वत्र सारखे उमटेपर्यंत हे पुन्हा पुन्हा. एकेका रॉडमागे कित्येक तास जात.

११/
या कामात एक पेच होता. ओरखडे पडलेला शाफ्ट पुन्हा गुळगुळीत करायचा, तर तो यंत्रावर घासावा लागे. घासला की तो बारीक होई. बारीक झाला की आणखी लवे. म्हणजे दुरुस्ती करताना त्या शाफ्टच्या उरलेल्या आयुष्यातूनच काही खर्ची पडे. आणखी एक शर्यत काढायची, की भंगारबाजारात दुसरा शाफ्ट शोधायचा? आठवड्याच्या पगारातून छंद भागवणाऱ्या तरुणाला हा निर्णय स्वतःच घ्यावा लागे, आणि चुकला तर त्याची किंमतही स्वतःच मोजावी लागे.

१२/
इथे ‘टाकाऊतून टिकाऊ’ एवढ्यावर थांबणे अपुरे ठरेल. मोडलेला भाग जसा होता तसाच बदलला, तर इंजिन पुन्हा त्याच ठिकाणी मोडणार. म्हणून प्रत्येकाला एक प्रश्न विचारावाच लागे : हे इथेच का मोडले? त्याच्या उत्तरासाठी तेलाचा मार्ग, धातूचा थकवा आणि हवेचा प्रवाह समजून घेणे भाग होते. शिवाय सर्वांचे इंजिन एकच असल्याने एकाला सापडलेले उत्तर दुसऱ्याच्याही उपयोगी पडे. क्लबच्या बैठकांतून आणि पत्रकांतून हे ज्ञान फिरत राहिले.

१३/
या समजुतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कॉलिन चॅपमन. स्थापत्य अभियांत्रिकीचा हा विद्यार्थी आपल्या मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागे ऑस्टिनची पहिली गाडी जुळवत होता. या इंजिनात चार सिलिंडरांना मिळून हवा-पेट्रोलाच्या मिश्रणाची दोनच प्रवेशद्वारे होती. प्रत्येक द्वार दोघांत सामायिक. लागोपाठ ओढ लागली, की एक सिलिंडर शेजाऱ्याचा वाटा पळवी. १९५१ च्या लोटस मार्क थ्रीसाठी चॅपमनने या वाटेत पातळ पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मार्ग दिला. मूळ ब्लॉक तसाच राहिला, नियमही मोडला नाही. गाडीने मात्र त्या हंगामावर वर्चस्व गाजवले.

१४/
त्यानंतर क्लबने नियम बदलून ही युक्ती बंद केली. वरवर पाहता हा बुद्धिमत्तेवर अन्याय वाटतो. परंतु क्लबसमोर वेगळा प्रश्न होता. एकाची युक्ती सर्वांना करणे भाग पडले असते, तर खर्च वाढला असता आणि ज्यांच्यासाठी हा वर्ग निर्माण झाला तेच बाहेर फेकले गेले असते. चॅपमन पुढच्या, मोठ्या शर्यतींकडे निघून गेला. वर्ग सामान्य हौशी माणसासाठी खुला राहिला. एका प्रतिभावंताला मोकळे रान द्यावे की शंभर जणांना दार उघडे ठेवावे, हा वाद क्रीडाजगतात आजही मिटलेला नाही.

१५/
ऑकलंडमध्ये लेस मॅक्लारेन यांनी १९२९ सालची ऑस्टिन सेव्हन ‘अल्स्टर’ घेतली, तीही सुट्या भागांच्या अवस्थेत. त्यांचा मुलगा ब्रूस बालपणी नितंबाच्या सांध्याच्या विकारामुळे दीर्घकाळ अंथरुणाला खिळून होता. बापलेकांनी मिळून ती गाडी उभी केली आणि किशोरवयीन ब्रूस तिच्यातून पहिल्या स्पर्धेत उतरला. १९५९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने अमेरिकन ग्रां प्री जिंकली. १९६३ मध्ये स्वतःचा संघ स्थापला.

१६/
ब्रिटनच्या शर्यतउद्योगाचे श्रेय केवळ टंचाईला देता येत नाही. टंचाई तेव्हा अवघ्या युरोपात होती. लाखो एकसारखी इंजिने, रिकामे विमानतळ, युद्धाने घडवलेले कुशल हात आणि ज्ञान वाटून घेणारा क्लब, या चार गोष्टी एकाच वेळी एकाच देशात जुळून आल्या. चॅपमन आणि मॅक्लारेन यांची नावे उरली. रविवारी शाफ्ट मोडून सोमवारी कामावर गेलेल्या आणि रात्री पुन्हा रॉड खरवडायला बसलेल्या शेकडो जणांची नावे कुठल्या सन्मानफलकावर नाहीत. ‘७५० फॉर्म्युला’ मात्र अजूनही धावतो आहे. इंजिन बदलले, हौशी माणूस तोच आहे. आणि ब्रूसची ती चिमुकली अल्स्टर आज इंग्लंडमधील वोकिंग येथे, मॅक्लारेनच्या मुख्यालयात, विजेत्या गाड्यांच्या रांगेत उभी आहे.