ओसरीवरचा फॉर्म

पोखर्णी म्हटलं की नृसिंहाचं मंदिर आणि परभणी-परळी लाइनवरचं स्टेशन आठवतं. वैद्यकीय संशोधन कुणाच्या डोक्यात येणार नाही. पण परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यावीत, असा नियम २०२२ मध्ये आला. तेव्हा अशा गावांच्या ओसऱ्यांवर फॉर्म घेतलेली मुलं दिसणारच.

कल्पना जुनीच. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे दरवर्षीची तुकडी एक गाव दत्तक घेते, मुलं गावात मुक्काम करतात, घरोघर माहिती लिहून घेतात.

लिहिलेल्या माहितीचं पुढे होतं काय? बहुतेकदा जर्नलवर सरांची सही होते आणि वही माळ्यावर जाते.

गडचिरोलीत मात्र तसं झालं नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. नुसतं 'काही त्रास आहे का?' असं विचारलं, तर ४५ टक्के बायकांची काहीच तक्रार नव्हती. पाहणी तिथेच थांबली असती, तर जवळपास निम्म्या बायका ठणठणीत म्हणून नोंदल्या गेल्या असत्या! पण इथे प्रत्येकीची तपासणी झाली आणि ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सरासरी एकीला ३.६ आजार. याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अंगावर काढायची इतकी सवय, की दुखणं हे दुखणं वाटेनासं झालेलं.

जानेवारी १९८९ मध्ये या अभ्यासाचा निबंध 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी खाती धरून चालत. ती समजूत या आकड्यांनी मोडली. फॉर्ममधलं उत्तर आणि शरीरातला आजार यांत केवढं अंतर असू शकतं, याचा इतका लख्ख धडा वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दुसरीकडे क्वचितच मिळेल.

उद्या पोखर्णीत कुणी फॉर्म घेऊन आलं, तर उत्तरं जरूर द्यावीत. मात्र निघालेला निष्कर्ष गावात येऊन सांगा, हेही त्याच बैठकीत बजावावं.