विधिइतिहासाच्या चर्चासत्रातील हिंगोली

विधिइतिहास म्हणजे कायद्यांचा कालक्रम नव्हे. एखादा कायदा कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या सोयीसाठी व कोणत्या पुराव्याच्या आधारे निर्माण झाला, याचे अध्ययन म्हणजे विधिइतिहास होय. या अध्ययनाची चर्चासत्रपद्धती एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांत रूढ झाली. बर्लिन येथे मॉमझेन यांच्या हाताखाली शिकलेले रशियन विधिइतिहासकार पॉल विनोग्रॅडॉफ हे १९०३ मध्ये ऑक्सफर्ड येथे विधिशास्त्राचे प्राध्यापक झाले व त्यांनी ही पद्धती तेथील अध्यापनात आणली. तीत व्याख्यानाऐवजी एखादा मूळ दस्तऐवज समोर ठेवून त्यातील प्रत्येक शब्दाची छाननी केली जाते.

अशा छाननीस मराठवाड्यातील हिंगोलीइतके उद्‌बोधक उदाहरण क्वचितच मिळेल. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून निर्माण झाला. तथापि हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लष्करी छावणी म्हणून प्रसिद्ध होते. मुलूख निजामाचा, सैन्याचा खर्चही त्याचाच. हुकमत मात्र ब्रिटिश अधिकाऱ्यांची, अशी तेथील व्यवस्था होती. १८३० नंतरच्या दशकात ठगांचा बंदोबस्त ज्या ठिकाणी सुरू झाला, त्यांत हिंगोली हे एक होते.

निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्फेशन्स ऑफ अ ठग या कादंबरीच्या प्रास्ताविकात येथील प्रकार सांगितला आहे. हरिसिंग नावाचा छावणीतील एक प्रतिष्ठित व्यापारी हाच त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता आणि खुद्द टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केला होता. मुंबईहून कापड आणण्यासाठी हरिसिंगाने कॅप्टन रेनल्ड्‌सकडून परवाना मिळविला. नंतर त्या मालाच्या खऱ्या मालकास त्याच्या नोकरांसह ठार मारून त्याच परवान्यावर त्याने तो माल हिंगोलीच्या बाजारात उघडपणे विकला. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत खून झाले व प्रेते पहारेकऱ्यांच्या रांगेपासून थोड्याच अंतरावर पुरली गेली. माफीच्या साक्षीदारांनी दाखविलेली काही थडगी उघडली जात असताना आपण स्वतः हजर होतो, असेही टेलर लिहितो.

प्रास्ताविक कादंबरीचे असले, तरी हे कथन प्रत्यक्षदर्शीचे आहे, एवढे मान्य करावयास हरकत नाही. चर्चासत्रातील खरा प्रश्न याच्या पुढचा आहे : या थडग्यांवरून नेमके काय सिद्ध होते? खून झाले, हे निश्चित सिद्ध होते. परंतु कालीच्या उपासनेने बांधलेला, देशभर पसरलेला आनुवंशिक ठगांचा एकच पंथ होता, ही विल्यम स्लीमनची मांडणी त्यावरून सिद्ध होत नाही. ती मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभी आहे. या साक्षीदारांचे प्राण स्वतःच्या सोबत्यांना ओळखून देण्यावर अवलंबून होते, ही गोष्ट त्या जबान्या वाचताना नजरेआड करता येत नाही.

आता १८३६ चा तिसावा कायदा पाहावा. ठगांच्या टोळीत सामील असल्याचे शाबीत होणाऱ्या कोणासही त्याने सक्तमजुरीसह जन्मठेप ठरविली. विशिष्ट खून, मृताचे नाव वा तारीख शाबीत करण्याची गरज उरली नाही. टोळीशी संबंध पुरेसा ठरला. हा संबंध कायदा होण्यापूर्वीचा असो वा नंतरचा, कंपनीच्या मुलखातील असो वा बाहेरचा, शिक्षा तीच. ‘मुलखाबाहेर’ या शब्दाने हिंगोलीसारखी निजामाची गावेही कंपनीच्या न्यायालयांच्या कक्षेत आली. अशा खटल्यांत मुसलमानी कायदा जाणणाऱ्या अधिकाऱ्याचा फतवा घेण्याची आवश्यकताही काढून टाकण्यात आली. १८३७ च्या एकोणिसाव्या कायद्याने शिक्षा झालेल्या इसमाची साक्ष त्या कारणास्तव अग्राह्य मानू नये असे ठरले. माफीच्या साक्षीदारांचा मार्ग त्यामुळे निर्वेध झाला. एवढी कठोर शिक्षा सांगणाऱ्या १८३६ च्या कायद्यात ‘ठग’ या शब्दाची व्याख्या मात्र नव्हती! ती १८४८ च्या तिसऱ्या कायद्याने करावी लागली.

केंब्रिज येथे या विषयावर संशोधन केलेल्या राधिका सिंघा यांनी नेमक्या याच मुद्द्यावर भर दिला आहे : ठगीच्या भीतीचा आधार घेऊन फौजदारी कायद्यात एरवी सहज मान्य न होणारे बदल घडविण्यात आले. किम वॅग्नर यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात ठगी ही केवळ ब्रिटिशांची कल्पना होती हे मतही एकांगी ठरविले असून, ठगांच्या स्थानिक आश्रयदात्यांकडे व उपजीविकेच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे. हिंगोलीचा पुरावा पाहता वॅग्नर यांची भूमिका अधिक ग्राह्य वाटते. सिंघा यांच्या विधिविषयक विवेचनास तीमुळे बाध येत नाही.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत ठगाची व्याख्या ३१० व्या कलमात व जन्मठेपेची तरतूद ३११ व्या कलमात आली. मात्र ती संहिता मंजूर झाल्यानंतरच्या कृत्यांपुरतीच मर्यादित होती. कृत्याऐवजी संबंधावरून दोष ठरविण्याची दृष्टी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात संपूर्ण जमातींना लागू झाली. त्या परंपरेतील कायदे १९५२ मध्ये रद्द झाले. दंडसंहितेतील ठगीची दोन्ही कलमे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत वगळण्यात आली असून, तीतील ३१० वे कलम दरोड्याविषयी आहे.