‘भांडार’ शब्द : अर्थ आणि व्यवहार

भीमा नदीच्या खोऱ्यातील करजगी हे गाव आज कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात मोडते. महाराष्ट्राची सीमा येथून दूर नाही. या मुलखावर कल्याणीचे चालुक्य, बहमनी सुलतान, आदिलशाही व निजाम अशा अनेक सत्ता नांदल्या. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपुष्टात आली आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी हा प्रदेश तत्कालीन म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. प्रत्येक राजवटीने दप्तरात आपापले शब्द आणले. तथापि मोलाच्या वस्तू सुरक्षित ठेवण्याच्या दालनास असलेला एक प्राचीन शब्द मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत टिकून राहिला. तो शब्द म्हणजे भांडार. कन्नड उच्चारात भंडार.

संस्कृतातील ‘भाण्डागार’ या शब्दापासून तो आला. भाण्ड म्हणजे केवळ पात्र नव्हे. व्यापाराचा माल, साधनसामग्री, भांडवल हेही अर्थ त्यात आहेत. आगार म्हणजे घर. धान्याच्या साठ्यासाठी ‘कोष्ठागार’ हा निराळा शब्द होता व त्याचेच मराठी रूप कोठार. जमिनीत खणलेल्या धान्याच्या साठ्यास मराठी शेतकरी पेव म्हणतो, तर सीमेपलीकडील कन्नड शेतकरी हगेव म्हणतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही कोशगृह, पण्यगृह, कोष्ठागार, कुप्यगृह व आयुधागार ही दालने पृथक सांगितली असून ती बांधून घेण्याची जबाबदारी संनिधाता या अधिकाऱ्यावर टाकली आहे. कोणती वस्तू कोठे ठेवावयाची आणि तिच्याविषयी जाब कोणास विचारावयाचा, या दोन्ही प्रश्नांचा विचार आपल्या पूर्वजांनी एकाच वेळी केला होता, असे यावरून दिसते.

भांडाराचा अर्थ केवळ सोन्यारुप्यापुरता कधीच नव्हता, याची साक्ष याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे. चित्तापूर तालुक्यातील नागावी येथे शके 980, म्हणजे इ. स. 1058 चा शिलालेख आहे. कल्याणीचा चालुक्य सम्राट त्रैलोक्यमल्ल सोमेश्वर याच्या कारकिर्दीत त्याचा दंडनायक मधुसूदन याने येथील घटिकास्थानास, म्हणजे उच्च विद्यापीठास, दाने दिली. त्यांत वेदशास्त्रांचे अध्यापक व विद्यार्थी यांच्याबरोबरच सहा ‘सरस्वती-भांडारिक’ यांचीही तरतूद केलेली आहे. हे पोथ्यांचे रक्षक होत. ग्रंथ हेही धन आहे, ते सांभाळावयास नेमलेला माणूस हवा आणि त्या माणसाच्या योगक्षेमाची व्यवस्था दानातच असावी, ही दृष्टी त्या काळच्या दात्यांना होती.

पुढे फारसीच्या प्रभावाने खजिना, अंबारखाना, जामदारखाना हे शब्द रूढ झाले. ‘जामा’ म्हणजे वस्त्र. त्यावरून जामदारखाना म्हणजे मूळचे वस्त्रागार. कालांतराने उंची वस्त्रांबरोबर अलंकारही तेथे ठेवले जाऊ लागले. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या परंपरागत यादीत खजिना, जवाहीरखाना व जामदारखाना हे स्वतंत्र आढळतात. तुळजापूरच्या श्रीभवानी मंदिरात देवीचे अलंकार ठेवण्याच्या जागेस जामदारखाना हेच नाव आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, दालनाच्या प्रत्येक नावाशेजारी राखणदाराचे नाव उभे आहे. भांडार तेथे भांडारी, कोठी तेथे कोठावळा, खजिना तेथे खजिनदार, जामदारखाना तेथे जामदार. यांतील कित्येक नावे पुढे आडनावे झाली. भिंत पडली तरी उत्तरदायित्वाची खूण घराण्याच्या नावात राहिली.

या शब्दास दुसरेही एक अंग आहे. बीदर जिल्ह्यातील खानापूर येथील श्रीमैलार मल्लण्णा असो वा जेजुरीचा श्रीखंडोबा, भक्त ज्या हळदीची उधळण करतात तिला भंडार अथवा भंडारा म्हणतात. अनेकांना एकत्र बसवून दिलेले अन्नदानही भंडाराच. येथे भांडार बंद राहत नाही. ते मुक्तहस्ते वाटले जाते. साठवण व वाटप हे दोन्ही अर्थ एकाच शब्दकुळात नांदतात. कुलूप हे भांडाराचे साधन होय, साध्य नव्हे.

जेथे कुलूप राहते आणि हिशेब मागे पडतो, तेथे काय होते याचे उदाहरण पुरीच्या श्रीजगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराचे आहे. तेथील अलंकारांची मोजदाद 1978 मध्ये झाली. त्यानंतर चार दशके उलटली. एप्रिल 2018 मध्ये पाहणीची वेळ आली, तेव्हा आतील भांडाराची किल्लीच सापडेना. अखेर 14 जुलै 2024 रोजी भांडार उघडण्यात आले. दुसऱ्या किल्ल्यांनीही आतील कुलुपे निघेनात, म्हणून ती तोडावी लागली. एवढ्या विख्यात देवस्थानात किल्लीचा ठावठिकाणा राहू नये, ही गोष्ट प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांनी मनात धरावी अशी आहे.

देवाचे धन हे महाजनांचे नव्हे. ते त्यांच्याकडे ठेव म्हणून असते. नागावीच्या दात्याने नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी पोथ्यांबरोबर त्यांच्या राखणदारांचीही सोय शिळेवर कोरून ठेवली. भांडाराचे दार कितीही भक्कम असो, आत काय आहे याची याद, किल्ली कोणाकडे आहे याची नोंद आणि ठराविक काळाने सर्वांसमक्ष होणारी मोजदाद, या तीन गोष्टी नसतील तर ते दालन केवळ अंधारी खोली ठरते. पुढच्या पिढीच्या हाती किल्ली देताना तिच्यासोबत यादीही दिली, तरच भांडार हे नाव त्या खोलीस शोभेल.