मालिकेत पाणी कुठून आलं?

मालिका झोकात सुरू होते आणि सहा महिन्यांत तिच्यात पाणी घालायला लागतात, ही तक्रार घरोघरची. त्या पाण्याचा माग काढत गेलं तर आधी मेक्सिको लागतं. तिथल्या ‘टेलिनोव्हेला’ करमणुकीतून कुटुंबनियोजन सांगतात, हे माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे बघून आले आणि १९८४मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली. टेलिनोव्हेला कितीही रडकी असो, काही महिन्यांत संपते. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली ‘हम लोग’ही दीड वर्षाच्या आत संपली.

मुदतवाढीची चटक मात्र त्याच दशकात लागली. ज्या कथेचा शेवट शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्या ‘रामायणा’चे ठरलेले ५२ भाग वाढत वाढत ७८ झाले!

खरी मेख २०००च्या जुलैतली. ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’ने रतीब सुरू केला, पण तो थांबायचा कधी हे ठरवलंच नाही. इथे आपली मालिका मेक्सिकोचं घराणं सोडून अमेरिकन ‘सोप’च्या घराण्यात गेली. तिथली ‘गायडिंग लाइट’ १९३७मध्ये रेडिओवर सुरू झाली, ती टीव्हीवर संपली २००९मध्ये. ‘क्यूँकि’चा नायक मिहिर मेला, प्रेक्षक खवळले, मग स्मृती गेलेला मिहिर परत आला. माझ्या मते मालिकालेखनाचं कंबरडं तिथे मोडलं. मरणच मागे घेता येत असेल, तर घटस्फोटाला आणि भांडणाला कोण विचारतो? मराठीत २००१पासून ‘चार दिवस सासूचे’ ३ हजारांहून अधिक भाग चालली. चार दिवस चांगलेच लांबले म्हणायचे.

रोज वीस-बावीस मिनिटं भरायची असतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. टीआरपी घसरला की चॅनेल ट्रॅक बदलायला लावतं. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली असेल तर मेकअप चालू असताना संवादांची पानं हातात पडतात. मग हुकमी उपाय निघतो. सून म्हणते, “मला सगळं कळलंय.” कॅमेरा सासूवर, नणंदेवर, जावेवर, दारातल्या दिरावर, प्रत्येकाला वेगळा धक्का, प्रत्येक धक्क्याला वेगळा ढॅण्. मिनिटभर तरी निघतं, आणि ब्रेकनंतर तेच पुन्हा दाखवलं की आणखी थोडं. नटीनं मालिका सोडली तर पात्र अमेरिकेला जातं.

शिव्या लेखकाला बसतात. शेवट काय, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं. एक दिवस ‘पुढच्या महिन्यात बंद’ असा निरोप येतो आणि तीन वर्षं ताणलेलं रहस्य तो चार भागांत उरकून टाकतो.