ज्येष्ठांनी इंटरनेट जरूर वापरावे, पण घाईत नव्हे!

वीजबिल घरबसल्या भरणे, रेल्वेचे आरक्षण स्वत: करणे, परगावच्या नातवंडांना पडद्यावर पाहणे, या गोष्टी आता सत्तरी ओलांडलेल्या अनेकांच्या अंगवळणी पडल्या आहेत. त्याच वेळी निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम एका दूरध्वनीपायी गमावल्याच्या बातम्याही वारंवार वाचनात येतात. त्या वाचून संगणकाला हातच न लावण्याचे ठरवणारे ज्येष्ठ आहेत, तसेच सारे व्यवहार मुलांच्या हाती सोपवून मोकळे होणारेही आहेत. दोन्ही मार्गांनी पैसा कदाचित वाचतो, पण स्वावलंबन जाते.

अशा फसवणुकीच्या प्रकारांकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. चोर बहुतेक वेळा संगणक फोडत नाही. तो माणसाला घाबरवतो किंवा मोहात पाडतो, घाई करायला लावतो आणि 'कोणाला सांगू नका' असे बजावतो. भीती, घाई आणि गुप्तता ही त्याची तीन हत्यारे आहेत. ती ओळखण्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही.

आधी सोय, मग सुरक्षा

बारीक अक्षर नीट न वाचता 'ठीक आहे'चे बटण दाबणे हे अनेक चुकांचे मूळ असते. म्हणून अक्षर मोठे करून घेणे हा सुरक्षेचाच पहिला भाग समजावा. संगणकावर कोणतेही संकेतस्थळ पाहताना 'कंट्रोल' ही कळ दाबून धरून अधिकचे चिन्ह दाबले की मजकूर मोठा होतो. वजाचे चिन्ह दाबले की लहान होतो आणि शून्य दाबले की पूर्ववत होतो. 'विंडोज'ची कळ आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबल्यास पडद्यावर भिंग येते. मोबाइलमध्ये 'सेटिंग्ज'मधील 'डिस्प्ले' या भागात अक्षराचा आकार वाढवता येतो. मराठी टंकलेखन कठीण वाटत असेल, तर कळफलकावरील ध्वनिमुद्रकाचे चिन्ह दाबून मराठीत बोलावे. मजकूर आपोआप उमटतो.

संगणक जुना असल्यास त्यावर कोणती प्रणाली आहे हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. 'विंडोज ७'चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि 'विंडोज १०'चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या प्रणालीला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, तिच्यावर पत्रे लिहावीत, गाणी ऐकावीत. बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

पासवर्ड आणि वही

पासवर्ड अवघड असण्यापेक्षा लांब असणे अधिक महत्त्वाचे. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द आणि एखादा अंक एकत्र केले, तर ते लक्षात राहतात आणि ओळखण्यास कठीण जातात. जन्मतारीख, नातवाचे नाव, वाहनाचा क्रमांक यांचा वापर टाळावा. बँक, ई-मेल आणि इतर ठिकाणे यांचे पासवर्ड वेगवेगळे असावेत. त्यांतही ई-मेलचा पासवर्ड सर्वांत जपावा; कारण इतर बहुतेक पासवर्ड बदलण्याची वाट ई-मेलमधूनच जाते.

पासवर्ड कधीही लिहून ठेवू नये, असे पूर्वी सांगितले जात असे. ज्येष्ठांच्या बाबतीत हा सल्ला अव्यवहार्य आहे. घरातील कपाटात, कुलपात ठेवलेली वही परदेशातील चोराला दिसत नाही. मोबाइलमधील छायाचित्र किंवा व्हॉट्सअॅपवर स्वत:लाच पाठवलेला संदेश मात्र मोबाइल हरवला की परक्या हाती जाऊ शकतो. एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन मात्र वहीतही लिहू नयेत. व्हॉट्सअॅपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करून सहा अंकी पिन ठरवून ठेवावा.

बँकेचा फोन, बँकेचे संकेतस्थळ

बँकेची कोणतीही व्यक्ती ओटीपी, पिन किंवा कार्डामागील तीन अंक विचारत नाही. हा नियम सर्वांना पाठ असतो. तरीही 'आज रात्री खाते बंद होईल' हे वाक्य ऐकले की तो विसरला जातो. अशा वेळी वाद न घालता फोन ठेवावा. पाच मिनिटांनी पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वत: फोन करावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'ग्राहक सेवा' क्रमांक वापरू नये. तेथे भामट्यांनी पेरलेले क्रमांकही आढळतात.

खरे-खोटे ओळखण्यास मदत करणाऱ्या काही सोयी अलीकडे झाल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' असा आहे ना, हे पाहावे. हे शब्द मधे कोठेतरी असून शेवट वेगळा असेल, तर ते संकेतस्थळ बँकेचे नव्हे. पत्त्याजवळचे कुलपाचे चिन्ह केवळ माहिती सांकेतिक रूपात जात असल्याचे सांगते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, असे नव्हे.

बँकांकडून सेवेसाठी येणाऱ्या दूरध्वनींकरिता १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवण्यात आली आहे. साध्या दहा अंकी मोबाइलवरून 'बँकेतून बोलतोय' असे कोणी म्हटले, तर तेवढ्यावरच संशय घ्यावा. मात्र क्रमांक कोणताही दिसत असला, तरी ओटीपी मागताच संभाषण संपवावे.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची सुरुवात झाली आणि भाजीवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत ती पोहोचली. तिच्याबाबत एकच सूत्र लक्षात ठेवावे : पिन लागतो तो पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे. जुने कपाट विकत घेणारा 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असे म्हणत असेल, तर तो पैसे देत नसून घेत आहे.

निवृत्तिवेतन आणि ठेवी ज्या खात्यात आहेत ते खाते यूपीआयला जोडू नये. महिन्याच्या खर्चापुरती रक्कम असलेले वेगळे बचत खाते त्यासाठी ठेवावे. कार्डावरील परदेशी व्यवहार व ऑनलाइन खरेदी गरज नसताना बंद ठेवण्याची आणि व्यवहाराची मर्यादा कमी करण्याची सोय बँकेच्या अॅपमध्ये असते. मुदतठेव ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, याचीही शाखेत चौकशी करावी.

लग्नपत्रिका, दंडाची पावती आणि लाल पडदा

व्हॉट्सअॅपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'वाहतूक दंडाची पावती' या नावाने एखादी फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतील, तर ती पत्रिका नसून मोबाइलमध्ये शिरणारे अॅप असते. ते बसले की बँकेचे संदेश चोराला वाचता येऊ शकतात. ओळखीच्या क्रमांकावरून आली, तरी अशी फाइल उघडू नये. त्या परिचिताचा मोबाइल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. 'मदत करतो' म्हणून पडद्याचा ताबा देणारे अॅप उतरवायला सांगणाऱ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. रिझर्व्ह बँकेने अशा प्रकाराबद्दल बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते.

संगणकावर अचानक लाल पडदा येऊन भोंगा वाजू लागतो आणि 'व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर दिसतो. ती बहुधा केवळ एक जाहिरात असते. खऱ्या सूचनेत फोन क्रमांक नसतो. 'आल्ट' आणि 'एफ ४' या कळा एकत्र दाबून ती खिडकी बंद करावी. न जमल्यास संगणक सरळ बंद करावा.

'डिजिटल अटक' अस्तित्वातच नाही

ज्येष्ठांचे सर्वाधिक हाल करणारा प्रकार हाच. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले' किंवा 'तुमचे आधार कार्ड काळ्या पैशाच्या प्रकरणात वापरले गेले' असे सांगून व्हिडिओवर गणवेशातील माणूस दिसतो. बनावट वॉरंट दाखवले जाते. कॅमेऱ्यापुढून हलू नका, मुलांना सांगितले तर त्यांनाही अटक होईल, असे धमकावून ठेवी मोडायला लावल्या जातात.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये कायद्यात अशी कोणतीही अटक नसल्याचे सांगितले होते. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटी रुपयांहून अधिक रकमेला लुबाडल्याच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वत:हून या प्रश्नाची दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

कायदा वास्तविक ज्येष्ठांच्या बाजूचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (७) नुसार, तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील व्यक्तीला अटक करण्यापूर्वी किमान पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. अटक प्रत्यक्ष येऊन केली जाते आणि तिची माहिती नातेवाइकांना द्यावी लागते. चौकशीसाठी 'पैसे तपासायला' दुसऱ्या खात्यात वळते करा, असे कोणतीही तपासयंत्रणा सांगत नाही. असा फोन आल्यास तो बंद करावा, दार उघडून शेजाऱ्यांना हाक मारावी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात विचारावे. एकटेपणा संपला की बनावट अधिकाऱ्याचा अंमलही संपतो.

मुलाच्या किंवा नातवाच्या आवाजाची नक्कल करून 'अपघात झाला, लगेच पैसे पाठवा' असे सांगणेही आता तंत्रज्ञानामुळे शक्य झाले आहे. त्यासाठी घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा आणि तो विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

निवृत्तिवेतनधारकांसाठी

हयातीचा दाखला संगणकाद्वारे देण्याची 'जीवन प्रमाण' ही सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. २०२१ पासून बोटांच्या ठशांऐवजी चेहरा दाखवूनही तो देता येतो. हातावरील रेषा पुसट झालेल्या वृद्धांना त्याचा मोठा उपयोग होतो. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना हा दाखला नोव्हेंबरमध्ये आणि ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासून देता येतो. नेमक्या याच काळात 'दाखला नसल्याने पेन्शन थांबणार, पीपीओ क्रमांक आणि ओटीपी सांगा' असे फोन येतात. दाखला स्वत: अॅपवर, बँकेच्या शाखेत, टपाल कार्यालयात किंवा घरी येणाऱ्या पोस्टमनमार्फत द्यावा, फोनवर कधीही देऊ नये. आधार क्रमांकाशी जोडलेले बोटांचे ठसे आधारच्या अधिकृत अॅपमधून कुलूपबंद करता येतात व लागतील तेव्हा उघडता येतात.

फसवणूक झालीच, तर

येथे एक-एक मिनिट मोलाचे असते. चोर पैसे आधी भाड्याने घेतलेल्या एखाद्या खात्यात नेतो आणि तेथून पुढच्या खात्यांत पांगवतो. १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली की ती संबंधित बँकेकडे जाते. पैसे तेथे असतील तर रोखून धरले जातात, पुढे गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे पाठवली जाते. म्हणून पहिल्या तासातील फोनला सर्वाधिक महत्त्व आहे. पुढील क्रम लक्षात ठेवावा :

१) १९३० वर फोन करावा. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जवळ ठेवावा.
२) बँकेला कळवून कार्ड, यूपीआय व नेटबँकिंग बंद करावे आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा.
३) केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर लेखी तक्रार करावी, न जमल्यास पोलीस ठाण्यात जावे.
४) संदेश, क्रमांक, पडद्याची छायाचित्रे काहीही पुसू नये.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले तत्त्वही वेळेशीच निगडित आहे. बँक व ग्राहक या दोघांचीही चूक नसताना व्यवहार झाला आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर कोणतीही जबाबदारी नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित राहते. ग्राहकाने स्वत: ओटीपी दिला असल्यास कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे चूक झाली असली, तरी लगेच सांगण्यात फायदाच आहे.

घरच्यांनी काय करावे?

फसवले गेलेले अनेक ज्येष्ठ दिवसेंदिवस गप्प राहतात. कारण पैसे गेल्याच्या दु:खापेक्षा 'एवढे कसे कळले नाही?' या प्रश्नाची त्यांना अधिक भीती वाटते. या मौनाचा फायदा चोरालाच होतो. त्यामुळे मुलांनी आधीच सांगून ठेवावे : काहीही घडले तरी पहिला फोन १९३० ला आणि दुसरा आम्हाला, रागावणार कोणी नाही. शिकवताना माऊस किंवा मोबाइल हातातून काढून घेऊ नये. ज्याला जे करायचे ते त्याच्याच बोटांनी करू द्यावे आणि पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना १४५६७ या 'एल्डरलाइन'वरही मार्गदर्शन मिळते.

एक कागद दूरध्वनीजवळ चिकटवून ठेवावा. त्यावर १९३०, बँकेचा क्रमांक, मुलाचा किंवा मुलीचा आणि शेजाऱ्यांचा क्रमांक, आणि खाली एक ओळ : 'घाई करायला सांगणाऱ्याचे काम आज करायचे नाही.' खरे काम उद्यापर्यंत थांबू शकते.