हलगी शेकताना

तुम्ही मराठवाड्यातल्या मुखेडला आहात. 1 ऑगस्ट, अण्णाभाऊ साठेंची जयंती. सकाळची झड नुकतीच उघडली आहे आणि सर्द हवेनं हलगीचं कातडं ढिलं पडलं आहे. भिंतीच्या कडेला एक म्हातारा उकिडवा बसून कागदाचा जाळ करतोय. हलगी जाळावर धरतो, हटवतो, पुन्हा धरतो. जास्त शेकली तर चिरेल, कमी शेकली तर बद्द वाजेल. मधेच टिचकी मारून कान लावतो. चौथ्या टिचकीला आवाज कणकणीत निघतो. पाठीमागं डीजेच्या भिंती उभ्या आहेत, पण तुम्ही या जाळाकडंच बघत राहा. धूर डोळ्यांत जाऊ द्या.

डोळे उघडाल तेव्हा 1944 साल असेल. मुंबई, माटुंग्याचा लेबर कॅम्प. पाळी संपवून आलेले कामगार जमिनीवरच बसलेत, कुणाच्या मांडीवर पोर झोपलंय. समोर लाल बावटा कलापथक. वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेले अण्णाभाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर. अमर शेख तोंड उघडतात आणि शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा ताठ बसतो. असा आवाज तुम्ही आजवर ऐकलेला नाही. डफ, तुणतुणं, मागं झीलकऱ्यांची साथ. स्टालिनग्राडचा पवाडा सुरू होतो, आणि व्होल्गाकाठची लढाई या कॅम्पातल्या माणसाला आपल्या गल्लीतली वाटू लागते.

पवाड्यावरच थांबले असते तरी या मंडळींचं नाव राहिलं असतं. पण प्रचाराची गाणी एकाच चालीत, एकाच चढ्या आवाजात किती रात्री ऐकाल? अण्णाभाऊंनी तमाशाला हात घातला. सभ्य लोक ज्याला नाकं मुरडत होते, त्याच तमाशाला. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि शिवरायांना वंदन आलं. गवळणीला रजा मिळाली. वगात राजा-राणीच्या जागी सावकार, शेतकरी, गिरणीमालक आणि मजूर उभे राहिले. बतावणीतला हजरजबाबीपणा मात्र त्यांनी जपला, कारण माणूस हसला की कान उघडे राहतात. याच खेळांना पुढं लोकनाट्य म्हणू लागले. आणि ‘मुंबईची लावणी’ ऐका. शृंगाराच्या बाजातून त्यांनी मलबार हिल आणि परळ एकमेकांसमोर आणून बसवले. माझ्या मते त्यांची सगळ्यात धाडसी उडी ती हीच.

पस्तीस वर्षांनी लंडनमध्ये द क्लॅश नावाच्या बँडनं जवळपास हेच केलं. पंकच्या तीन कॉर्डांत संताप ओरडणारी ही पोरं. 1979 च्या डिसेंबरात आलेल्या ‘लंडन कॉलिंग’ या जोड-अल्बममध्ये त्यांनी जमैकाचा रेगे आणि स्का घेतला, जुना रॉकाबिली घेतला, जॅझची लकेरही घेतली. राजकारण तेच राहिलं, कान मोठे झाले. फरक एवढाच की त्यांना ते सूर शेजारच्या वस्त्यांतून आणि रेकॉर्डींतून मिळाले. अण्णाभाऊंना ते जन्मानंच मिळाले होते. मांगवाड्यातली हलगी गावकीचं काम म्हणून वाजायची, लग्नात, मयतीत, दवंडीला, आणि वाजवणारा उंबऱ्याबाहेर. तेच वाद्य, तोच ताल इथं आपल्या मनाचं बोलू लागला.

सरकारनं कलापथकावर बंदी घातली तरी हा आवाज बसला नाही. आता धूर पुन्हा वर येऊ द्या आणि 1944 पासूनची दहा-बारा वर्षं एका दमात ओलांडा. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आहेत. मुंबईत गोळीबार झाले आहेत, शंभरावर माणसं मेली आहेत. मैदानात ‘माझी मैना’ सुरू होते. छक्कड. नवरा पोटासाठी मुंबईत, बायको गावी. तुम्हाला वाटतं विरहाचं गाणं आहे, तुमचा गळा दाटून येतो, आणि तेवढ्यात कळतं की ही मैना म्हणजे सीमेपल्याड राहिलेला मुलूखही आहे. बेळगाव, कारवार, निपाणी. मागणीचं निवेदन वाचून असा हुंदका कुणाला आला असेल?

हे गाणं मुखेडच्या माणसाला परकं का वाटेल? 1948 च्या सप्टेंबरापर्यंत इथं निजामाचा अंमल होता, दफ्तर उर्दूत होतं. त्यानंतरही आठ वर्षं गाव हैदराबाद राज्यातच राहिलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा कुठं मुखेडची मैना अर्धी वाट चालली. उरलेली वाट 1 मे 1960 ला संपली. बेळगावची अजून संपलेली नाही.

कुणीतरी खांद्याला धक्का देतं. मिरवणूक हलायची वेळ झाली आहे. म्हाताऱ्याच्या उजव्या हातात जाड टिपरू आहे, डाव्यात बारीक काडी. तो एक ठेका धरतो, अवघे चार ठोके. डीजेजवळचा एक पोरगा मान वळवतो, मग चप्पल काढून त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. इतक्यात पुन्हा भुरभुर सुरू होते. म्हातारा हलगी सदऱ्याखाली घेतो, भिंतीकडं सरकतो, आणि पोराला म्हणतो, ‘‘कागद आन बरं आनखी.’’