बेकर स्ट्रीटचा फलाट

बेकर स्ट्रीट म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला शेरलॉक होम्स आठवतो. होम्सचे बिऱ्हाड कल्पनेतले. पण त्याच नावाचे एक स्टेशन तिथे जमिनीखाली आहे ते अगदी खरे, आणि त्याची हकीकत होम्सच्या कथांहून कमी रंजक नाही. १० जानेवारी १८६३ रोजी जगातली पहिली भुयारी आगगाडी ज्या सात स्टेशनांवरून धावली, त्यांतले हे एक. लंडनला गेलो तेव्हा तिथल्या पाच आणि सहा नंबरच्या फलाटांवर मी चांगला अर्धा तास काढला. वर विटांची रुंद कमान, आणि भिंतींत ओळीने खोल कोनाडे. वरच्या रस्त्याचा उजेड या कोनाड्यांतून खाली येई आणि खालचा धूर वर जाई. आता तिथे विजेचे दिवे आहेत.

बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती १८५३ साली, म्हणजे या भुयाराच्या दहा वर्षे आधी. मग साहेबाला आपल्याच राजधानीत जमिनीत शिरण्याची पाळी का यावी? कारण असे की, बाहेरगावच्या गाड्या लंडनच्या वेशीपाशी येऊन थांबत, आणि तिथून पुढे घोडागाड्या, हातगाड्या व माणसे यांचा असा काही गुंता होई की चालणारा माणूस गाडीतल्याच्या आधी पोचावा.

या गुंत्यातून वाट काढण्याचा ध्यास घेतला चार्ल्स पिअर्सन या गृहस्थाने. हा सिटी ऑफ लंडनचा सॉलिसिटर. त्याला रहदारीइतकीच काळजी होती ती कोंदट वस्त्यांतल्या मजुरांची. मजुराने शहराबाहेर मोकळ्या हवेत राहावे, स्वस्त तिकिटात कामावर यावे, ही त्याची कल्पना. १८५४ साली पार्लमेंटने कायदा केला. पण क्रिमियाचे युद्ध चालू, पैसा कोण देणार? अखेर पिअर्सनने खटपट करून सिटीच्या कॉर्पोरेशनकडून दोन लाख पौंड मिळवले आणि १८६० साली कुदळ पडली.

मुख्य एंजिनियर जॉन फाउलर. रीत साधी: रस्ता उकरायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती घालायच्या, वर कमान बांधायची आणि माती लोटून पुन्हा रस्ता करायचा. सांगायला सोपे! जून १८६२ मध्ये फ्लीटचे गटार फुटले आणि खोदलेल्या चरात दहा फूट घाण पाणी भरले. ही फ्लीट एके काळची नदी. शहराने तिचे गटार केले होते.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट निराळीच आहे. फ्लीटच्या खोऱ्यातली हजारो गरिबांची बिऱ्हाडे या कामासाठी उठली. घरमालकांना भरपाई मिळाली, भाडेकरूंना मिळाली नाही. ते गेले शेजारच्याच वस्तीत, अधिक दाटीवाटीने राहायला. ज्यांच्यासाठी पिअर्सनने गाडी मागितली, त्यांच्याच चुली तिने आधी विझवल्या. चाळीत भाड्याने राहिलेल्या गिरगावकराला याची फोड करून सांगायला नको. त्याच्या गिरगावाखालून मेट्रो धावू लागली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि तिथेही काही जुन्या इमारती पाडूनच.

उद्घाटनाची मेजवानी झाली ९ जानेवारीला. ऐंशीच्या घरातले पंतप्रधान पामर्स्टन आले नाहीत; या वयात जमिनीच्या वर राहता येईल तितके बरे, असे ते म्हणाल्याचे सांगतात. दुसऱ्या दिवशी मात्र सुमारे अडतीस हजार माणसे हौसेने जमिनीखाली उतरली. डबे लाकडी, आत गॅसचे दिवे. वाफ टाकीतल्या पाण्यात सोडून जिरवणारी एंजिने मुद्दाम केली होती, तरी धूर व्हायचा तो होईच. गाओवर स्ट्रीट स्टेशनापाशी एक औषधवाला गुदमरलेल्या उतारूंसाठी खास काढाच विकी! धुराचा हा जाच विजेची गाडी येईपर्यंत, म्हणजे १९०५ पर्यंत, लंडनकरांनी सोसला.

पिअर्सनला यातले काही पाहायला मिळाले नाही. सप्टेंबर १८६२ मध्ये, गाडी सुरू होण्याच्या चार महिने आधी, तो वारला. कंपनीने देऊ केलेले बक्षीस त्याने हयातीत नाकारले होते; पुढे त्याच्या विधवेला सालीना अडीचशे पौंड बांधून दिले. १८६४ साली मजुरांसाठी पहाटेच्या गाड्या निघाल्या, जाऊन येऊन तीन पेन्स. पुढच्याच वर्षी हेन्री मेह्यू नावाच्या लेखकाचे पुस्तक आले. त्यासाठी त्याने या पहाटेच्या गाड्यांत बसून उतारूंना बोलते केले होते. त्यांतला एक मजूर नॉटिंग हिलला राहत असे. ही गाडी नसती तर रोजची सहा मैलांची पायपीट चुकली नसती, असे त्याने सांगितले.